वर्षावनातला मांडव

आंबोली, तिळारी, चोर्ला, खाली कर्नाटकात दांडेली आणि आगुंबे. सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात जंगलाच्या कडेने निसर्गनिवास उभे राहिले आहेत. त्यांच्या माहितीपत्रकात पक्षिनिरीक्षण आणि रात्रीची बेडूकफेरी यांच्या शेजारी आता लग्नाचे पॅकेजही असते. साखरपुडा, हळद, कोणाचा साठीचा समारंभ, एखाद्या कंपनीच्या वीसजणांचे शिबिर, आणि चाळीस-पन्नास माणसांचे लग्न. २०२० साली साथीच्या काळात सरकारने लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा घातली. महाराष्ट्रात तर एप्रिल २०२१मध्ये ती पंचवीस माणसे आणि दोन तास इथवर खाली आली. निर्बंध उठले तरी छोट्या लग्नाची गोडी उरली. ती गोडी चांगलीच आहे. कर्ज काढून हजार पाने उठवण्यापेक्षा जवळच्या पन्नासजणांना पोटभर जेवू घालणे केव्हाही शहाणपणाचे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

म्हणणे आहे ते या गोडीला चिकटून आलेल्या एका समजुतीबद्दल. लग्न लहान असले, ताटे सुपारीच्या झावळीची असली आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या बंद असल्या, की जंगलावर त्याचा भार पडत नाही. उलट त्याच पैशातून जंगल राखले जाते, अशी ती समजूत आहे. पर्यटनावर लिहिणारे, निवास चालवणारे, पुण्या-मुंबईतली निसर्गप्रेमी जोडपी आणि कधी कधी वन खात्यातली माणसेही हेच बोलतात. त्यातले बहुतेक मनापासून बोलतात. म्हणून त्यांचा पक्ष आधी त्यांच्याच जोराने मांडायला हवा. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडणे हा वादातला सर्वांत आळशी प्रकार आहे.

तर पूर्वपक्ष असा. एक, माणसे कमी म्हणजे कचरा कमी, पाणी कमी, गाड्या कमी. दोन, नुसत्या पक्षिनिरीक्षकांवर निवास चालत नाही. ते मोजके येतात आणि मोजकेच खर्च करतात. दोन लग्नांच्या पैशात राखणदारांचा वर्षाचा पगार निघतो. तीन, आणि हा मुद्दा खरोखर वजनदार आहे: सिंधुदुर्ग-रत्नागिरीतले बरेचसे जंगल सरकारचे नाही, मालकीचे आहे. मालकाला त्यातून काहीच मिळाले नाही तर तो ते तोडायला देईल, किंवा रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी विकून मोकळा होईल. दोडामार्गात हे डोळ्यांसमोर घडले आहे. मग लग्नाचा मांडव बरा की रबराची रांग? चार, जंगलात माणसाने वाजवू-गाऊ नये हे कुठून आले? आपल्या देवरायांत जत्रा भरतात, पालख्या नाचतात, ढोल वाजतात. आदिवासी आणि कुणब्यांची लग्ने रानाच्या कुशीतच होत आली. शहरी माणसाने जंगलाला संग्रहालय करून ठेवले, असा शेवटचा टोला.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे त्याच्या आधाराने उभे आहेत. माणसे कमी म्हणजे भार कमी, हा हिशेब ताटे आणि पाणी यांच्यापुरता बरोबर आहे. जंगलाला होणारा त्रास मात्र मुख्यतः ताटांचा नाही. तो आवाजाचा, उजेडाचा आणि वेळेचा आहे. या तिन्ही गोष्टी पाहुण्यांच्या संख्येप्रमाणे कमी-जास्त होत नाहीत.

आवाजच घ्या. पाचशे माणसांसाठी जो डीजे येतो, जवळपास तेवढाच पन्नासांसाठी येतो. नाचायला आवाज लागतो तो लागतोच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून दहा मीटरवर नव्वद डेसिबल असतील (आणि ही संख्या मी सौम्यच धरली आहे), तर सहाशे चाळीस मीटरवर चोपन्न उरतात. झाडी आणि माती यांतले काही शोषून घेतात हे खरे, पण पाने शोषतात ते चिरके, वरच्या पट्टीचे स्वर. ढोलकीचा आणि बासचा ठोका पानांना फारसा जुमानत नाही. त्यात निरभ्र रात्री दरीत गार हवा तळाशी बसते आणि उबदार हवा वर राहते. असे झाले की वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दिवसापेक्षा कितीतरी लांब पोचतो. घाटाखालच्या गावाला माथ्यावरचे गाणे शब्दांसकट ऐकू येते ते याच कारणाने. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत शांतता क्षेत्राची रात्रीची मर्यादा चाळीस डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतालचा शंभर मीटरचा परिसर हे त्या क्षेत्राचे नेहमीचे रूप. जंगल त्यात आपोआप येत नाही, कोणी तरी ते जाहीर करावे लागते. तोवर ‘रात्री दहाला बंद’ एवढ्यावर सगळे समाधानी असतात.

दहाला बंद केल्याने जंगलाचे समाधान होत नाही, कारण जंगलाची गडबड सूर्यास्ताला सुरू होते. सह्याद्रीतल्या ओढ्यांवर रातबेडकांची एक जात राहते, निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. तिच्या मीलनाची सगळ्या बेडकांहून वेगळी रीत २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुढे आली. या जातीत मादीही साद घालते, आणि बेडकांत हे विरळा आहे. ओढ्यावर झुकलेल्या पानावर अंडी घातली जातात आणि पिले खाली पाण्यात पडतात. हा सगळा व्यवहार काळोखात आणि आवाजावर चालतो. ओढ्याकाठच्या ‘वॉटरफॉल डेक’वर संध्याकाळी सात ते दहा संगीताचा कार्यक्रम ठेवला तर नेमकी हीच वेळ खाल्ली जाते. तिथे पन्नास माणसे होती की पाचशे, याने त्या बेडकाला काय फरक पडणार?

उजेडाचेही तसेच. मे महिना संपता संपता, पहिल्या पावसाच्या आगेमागे, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथे झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. तो लुकलुकाट म्हणजे नराने केलेली खूण असते, आणि गवतात बसलेली मादी त्याला उत्तर देते. हॅलोजनच्या झोतात ती खूण हरवते. काजवा बघायला येणारा एकेक गट लहानच होता. एकेकाकडे एकच गाडी होती, एकच बॅटरी होती. तरी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वन विभागाला वाहनांवर आणि वेळेवर बंधने घालावी लागली. लहान गोष्टींची बेरीज कशी होते, याचे याहून जवळचे उदाहरण मराठी वाचकाला देता येणार नाही.

या बेरजेकडेच लहान लग्नाचा पुरस्कार करणारे बघत नाहीत. ते एका लग्नाचा हिशेब मांडतात, निवासाचा मात्र वर्षाचा हिशेब असतो. समजा, वर्षाला अमुक इतके उत्पन्न हवे आहे. ते दोन मोठ्या लग्नांत मिळत असेल तर लहान लग्ने त्यासाठी पंधरा-वीस लागतील. म्हणजे समारंभ जितका छोटा, तितके ते जास्त. आणि जंगलाला शांत शनिवार-रविवार तितके कमी. एका मोठ्या लग्नाने दोन रात्री मोडतात. वीस लहान लग्नांनी हंगामच मोडतो. जंगलाच्या बाजूने पाहिले तर या सौद्यात लहानपणाचा फायदा कुठे आहे, ते मला दिसत नाही.

गंमत अशी की कायदाही याच चुकीच्या मापाने मोजतो. पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा जो मसुदा ३१ जुलै २०२४ला पुन्हा निघाला, त्यात महाराष्ट्राचे सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. बांधकामावरची बंदी त्यात वीस हजार चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्रकल्पांना आहे. दहा खोल्या आणि एक हिरवळ यांचा निवास त्या आकड्याच्या आसपासही फिरकत नाही. अभयारण्यांच्या भोवतालच्या क्षेत्रांसाठी निघणाऱ्या अधिसूचनांत नव्या हॉटेलांना मज्जाव असतो, पण पर्यावरण-पर्यटनासाठी ‘लहान, तात्पुरत्या’ बांधकामांना सूट देणारे कलमही त्यातच असते. मांडवाहून तात्पुरते बांधकाम कुठले? म्हणजे नियम करणारा आणि निवास चालवणारा यांचे एका गोष्टीवर एकमत आहे: लहान ते निरुपद्रवी.

आता वेळेचा मुद्दा. इथे आपले पंचांग मध्ये येते. चातुर्मासात विवाहमुहूर्त नसतात. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत देव झोपलेले असतात आणि त्यातला बराच काळ सह्याद्रीत पाऊस असतो. पूर्वजांनी बेडकांचा विचार करून हा नियम केला, असे मी म्हणणार नाही. असे दावे अलीकडे फार सवंग झाले आहेत. चिखल, तुंबलेल्या नद्या आणि शेतीची कामे एवढी कारणे पुरेशी होती. परिणाम मात्र असा झाला की जंगलाच्या विणीचे ते महिने वाजंत्र्यांशिवाय गेले. आता ‘मॉन्सून वेडिंग’ नावाचा माल बाजारात आला आहे, आणि मुहूर्त न पाहणारी जोडपी मुद्दाम जुलै निवडतात. आंबोलीचा वाघबेडूक म्हणावा असा एक भेक, झँथोफ्रिनी टायग्रिना, २००९मध्ये विज्ञानाला ठाऊक झाला. पावसाच्या सुरुवातीला सड्यावरच्या उथळ डबक्यांत तो अंडी घालतो. सडा म्हणजे जांभ्याचे सपाट पठार. ते एरवी ओसाड दिसते, आणि ओसाड दिसते म्हणूनच तिथे पाहुण्यांच्या गाड्या लावल्या जातात. निवासाचा मालक अभिमानाने सांगतो की पार्किंगसाठी एकही झाड तोडले नाही. खरे सांगतो तो. तोडण्यासारखे झाड तिथे नव्हतेच. होती ती डबकी.

मुहूर्ताच्या महिन्यांत लग्न केले की सुटका होते, असेही नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि माघ ते वैशाख हा त्यांचा भर. याच काळात सदाहरित जंगलात महाधनेशाची वीण असते. मादी जुन्या, मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड चोचीने लिंपून घेते. एक बारीक फट तेवढी उरते, आणि पुढचे तीन-चार महिने तिचे आणि नंतर पिलाचे पोट त्या फटीतून नर भरवतो. नर दिवसातून अनेकदा उंबर-वडाची फळे घेऊन येतो. झाडाखाली गर्दी किंवा काही अनोळखी हालचाल दिसली तर तो लांबच थांबतो, कधी तसाच परततो. ढोलीतल्या मादीला बाहेर पडून खाता येत नाही. तिच्या पंखांची आणि शेपटीची पिसे त्या काळात गळतात.

इथे प्रतिपक्ष म्हणेल की धनेश कोकणात गावाला लागून असलेल्या राईतही घरटे करतो, माणसाचा त्याला तिटकारा नाही. बरोबर आहे. राईखालून रोज गुरे जातात, पाणी भरायला बायका जातात, पोरे शाळेत जातात. त्याला सवय आहे ती या रोजच्या वर्दळीची. महिन्यातून दोनदा अचानक येणारा ड्रोन, धुराच्या रंगीत कांड्या आणि फटाक्याचा एखादा ‘कोल्ड’ नावाचा प्रकार यांची सवय कशी लागणार? सवय लागायला गोष्ट रोजची असावी लागते. लग्न तर नेमके एरवीपेक्षा वेगळे दिसावे म्हणूनच केलेले असते.

पाण्याचे थोडक्यात सांगतो. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि घाटमाथ्यावरच्या वाड्या एप्रिल-मेमध्ये झऱ्यावर रांगा लावतात. शहरी पाणीपुरवठ्याचे सरकारी मान माणशी १३५ लिटर आहे. पन्नास पाहुणे, त्यांच्या मागे केटरर, वाढपी, डेकोरेटर, लायटिंगवाले, फोटोवाले, मेकअपवाल्या, गाड्यांचे चालक. ही कामाची माणसे पाहुण्यांच्या आकड्यात कधीच धरली जात नाहीत. धरली तर आकडा शंभराच्या जवळ जातो. दोन दिवसांचे सत्तावीस हजार लिटर, त्यात मुदपाकखान्याचे आणि हिरवळीचे वेगळे. खरकट्याचा हिशेब याहून वाईट आहे. खड्ड्यात पुरलेले अन्न रानडुकरे उकरतात, उघडे टाकलेले कुत्रे खातात, आणि कुत्री वाढली की बिबट्या जवळ येतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोल्याच्या परिसरात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. झावळीच्या ताटल्या कितीही छान कुजणाऱ्या असोत, त्यांच्यावरच्या बिर्याणीचे काय करायचे हा प्रश्न ताटलीने सुटत नाही.

दुसऱ्या मुद्द्याला, म्हणजे लग्नाच्या पैशाने जंगल वाचते याला, हमखास कोस्टारिकाचा दाखला दिला जातो. त्या देशाचे जंगल १९८०च्या दशकात पाव भागाच्या आसपास घसरले होते, आज ते निम्म्याहून जास्त आहे, आणि पर्यटन तिथे भरभराटीला आले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण एकीमुळे दुसरी झाली असे त्यावरून ठरत नाही. काकतालीय न्याय आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असे. १९९६च्या कायद्याने तिथे जंगलजमिनीचा वापर बदलायला बंदी आली. उभे जंगल राखणाऱ्या मालकांना मोबदला देण्याची योजनाही त्याच कायद्याने आली, आणि तिचा पैसा मुख्यतः इंधनावरच्या करातून येतो. त्याआधी गोमांसाचे भाव पडून कुरणे परवडेनाशी झाली होती. जंगल परत आले ते या सगळ्यामुळे. पर्यटक आला तो परत आलेल्या जंगलामागे, आणि त्याने हातभार लावला हेही मान्य. त्याला रथाचा सारथी म्हणणे मात्र जास्त होते.

आता तिसरा मुद्दा, मालकीच्या जंगलाचा. याला टाळून पुढे जाता येत नाही. सावंतवाडी-दोडामार्ग हा वाघा-हत्तींच्या येण्याजाण्याचा पट्टा. तिथली वृक्षतोड २०१३मध्ये उच्च न्यायालयाने थांबवली, पण कोर्टाची बंदी हा काही मालकाच्या घरखर्चाला पर्याय नाही. मालकाने का म्हणून राखावे, हा प्रश्न न्याय्य आहे. ‘जंगल अमूल्य आहे’ हे उत्तर ज्याला त्याची किंमत मिळत नाही त्याच्या तोंडावर फेकणे हा आम्हा शहरी लेखकांचा जुना उद्धटपणा आहे.

म्हणून विचारायचा प्रश्न असा आहे की लग्नवाला पैसे नेमके कशाचे देतो. पक्षी बघायला आलेला माणूस घनदाट जंगलाचे पैसे देतो. जंगल विरळ झाले तर तो पुढच्या वर्षी येत नाही. बेडूक, साप आणि अळंबी शोधत हिंडणाऱ्याचेही तसेच. लग्नाला मात्र घनदाट जंगल अडचणीचे असते. त्याला लागते ती मोकळी, सपाट, कोरडी जागा: मांडवाला, पंगतीला, गाड्यांना, जनरेटरला. जंगल त्याला मागे हवे, फोटोत. म्हणून लग्नाचा धंदा वाढतो तशी निवासाची हिरवळ वाढते. आधी घरामागचा उतार सपाट होतो, मग ओढ्यापर्यंत पायऱ्या येतात, मग ‘मंडप लॉन’च्या आड येणारी चार जांभळे. यात दुष्टपणा कोणाचाच नाही. प्रत्येक गिऱ्हाईक एवढेच म्हणते की जरा जागा कमी पडली, बाकी छान.

आणि सदाहरित जंगल ही या बाबतीत फार नाजूक वस्तू आहे. आंबोली-महाबळेश्वरच्या माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा यांची जी दाट सावली असते, तिच्याखालची रोपे त्याच सावलीत वाढतात. कडेला एक लॉन उघडले की ऊन आणि वारा आडवे आत शिरतात. कडेची माती सुकते, सावलीतली रोपे मरतात, आणि तिथे रानमोडी आणि घाणेरी फोफावते. हिरवळ मोजली तर पाव एकर भरते, आणि तिचा कड मात्र आत कितीतरी सरकलेला असतो. रबराची लागवड जंगल एकदम खाते आणि लॉन ते कडेने खाते. पर्याय म्हणून मालकापुढे हे दोनच ठेवणे हीच वादातली चलाखी आहे. तिसरा पर्याय असतो, आणि तो कागदावरचा नाही. केरळात पेरियारला १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात पर्यावरण-विकास समित्या झाल्या. त्यात दालचिनीच्या जातीच्या झाडांची साल चोरून काढणाऱ्यांचीही एक समिती होती. तेच लोक पुढे वाटाडे आणि राखणदार झाले. मोजके पाहुणे, पायी, दबक्या आवाजात, आणि पैसा थेट समितीकडे. तिथे विकले जाते ते उभे जंगल, म्हणून ते उभे राहण्यात विकणाऱ्याचा स्वार्थ आहे.

चौथा मुद्दा परंपरेचा. तो मला सर्वांत आवडतो, कारण तो मांडणाऱ्यांच्याच विरुद्ध जातो. देवराईत ढोल वाजतो हे खरेच आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा जो अभ्यास केला, त्यातून आणि गावोगावच्या वहिवाटीतून दिसते ते असे की या राया बंधनांच्या जाळ्यात टिकल्या. फांदी तोडायची नाही. काही ठिकाणी पडलेले लाकूडही उचलायचे नाही. कौल घेतल्याशिवाय काही करायचे नाही. उत्सव ठरल्या तिथीला होणार, वर्षातून एकदा किंवा दोनदा, आणि सगळ्या गावाचा होणार. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्ड्याला आणि गोव्यात सत्तरीतल्या निरंकाराच्या राईत रानजायफळाच्या दलदली उरल्या आहेत. झाडांची मुळे गुडघ्यासारखी चिखलातून वर येतात असे हे जंगल आता फार थोड्या जागी आहे, आणि ते राखले देवाच्या धाकाने. या धाकाचे वैशिष्ट्य असे की तो पैसेवाल्यालाही लागू होता. जास्त रक्कम मोजली म्हणून कोणाला राईत दुसरी जत्रा भरवता येत नसे. निवासाचा मालक मात्र तारीख विकतो, आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याला कुठलीही तारीख मिळते. परंपरा सांगायची तर पूर्ण सांगावी. ढोल उचलून आणायचा आणि कौल मागे ठेवायचा, याला परंपरा म्हणत नाहीत.

तर मग काय? वर्षावनाच्या कडेला लग्न करूच नये, असे माझे म्हणणे नाही. अशी बंदी घालणारा कायदा झाला तर तो पहिल्यांदा पाच खोल्यांच्या घरगुती निवासावर पडेल आणि मोठे रिसॉर्ट त्यातून वाट काढेल, हे आपण पाहत आलो आहोत. मला बदलायचे आहे ते माप. ‘किती पाहुणे’ याऐवजी ‘वर्षात किती समारंभ, कुठल्या महिन्यात, किती वाजेपर्यंत, किती डेसिबल आणि किती उजेड’ हे विचारले पाहिजे. वर्षाचे समारंभ ठरावीक आणि थोडे. ते ग्रामसभेत जाहीर केलेले, म्हणजे गावाला मोजता येतील. महिने तुळशीच्या लग्नापासून मार्गशीर्ष सरेपर्यंतचे. त्या वेळी बेडकांची वीण उरकलेली असते, धनेशाची सुरू व्हायची असते, ओढ्याला पाणी असते आणि मुहूर्तही असतात. विधी आणि जेवण दिवसा, दिवेलागणीच्या आत आटोपलेले. वीज लावून वाजणारे काही नाही. सनई-चौघडा चालेल, भजनी मंडळ चालेल. नवी सपाट जागा करायची नाही. जी आहे तिच्यात मावतील तेवढेच पाहुणे.

निवासमालक यावर म्हणतील की एवढ्या अटींत कोण येणार, आणि आला तरी त्यात आमचे काय भागणार. पहिल्या शंकेला उत्तर बाजार देईल. दुसरी खरी आहे, पण तिच्यावर एक सोपी तोड आहे, आणि ती कोणी करून का पाहत नाही याचे मला नवल वाटते. मांडव जंगलाकाठी कशाला? तो गावात घालावा. कोकणी घराचे सारवलेले खळे याच कामासाठी असे. देवळाचा सभामंडप असतो, शाळेचे पटांगण असते. गावातल्या बायका पोळ्या-वड्यांचा स्वयंपाक करतील, वाजंत्री गावचे येतील, आणि शंभर माणसांच्या गोंगाटाची गावाला सवय आहे. तिथे रात्री नाचले तरी फार तर शेजारचे म्हातारे कुरकुरतील. पाहुणे झोपायला निवासात येतील आणि सकाळी वाटाड्याबरोबर पाच-पाचच्या गटाने जंगलात फिरतील. खोल्यांचे भाडे मालकाला, स्वयंपाक-वाजंत्री-मांडवाचा पैसा गावाला. मग जंगल राखण्यात गावाचाही वाटा आपसूक येतो.

फोटोत मागे जंगल येणार नाही, एवढी एक अडचण उरते. त्यासाठी वधूवरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोटोग्राफरला घेऊन अर्धा तास वाटेवर जाऊन यावे, ड्रोन खोलीत ठेवून.